पेढी इथे, बैठक बँकॉकला : दुरून काम करण्याचा रोखठोक हिशेब

पूर्वी घरातला तरुण मुलगा म्हणायचा, "अब्बा, मी सौदीला जातो," किंवा "दुबईला जातो." बापाला त्याचा अर्थ कळत होता. तिथे नोकरी आहे, कफील आहे, दर महिन्याला पैसे येणार आहेत. हल्ली मुलगा म्हणतो, "काम तेच राहील, मालक तोच राहील, फक्त मी बँकॉकला जाऊन बसतो." हे काही बापाला उमगत नाही. तिथे नोकरी नाही, दुकान टाकायचे नाही, मग परदेशी जाऊन करायचे काय, आणि खायचे कोणाच्या जिवावर?

कापडाच्या धंद्यामुळे आमचे बँकॉकला येणे-जाणे आहे. प्रतुनाम, बोबे आणि साम्पेंग या तिथल्या कापड-कपड्यांच्या पेठा आम्ही पायी तुडवल्या आहेत. त्यामुळे असा प्रश्न घेऊन लोक आमच्या गादीवर येतात. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे म्हणून हा लेख. वाचकांनी एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. काम सोबत घेऊन जाणे वेगळे आणि कामासाठी जाणे वेगळे. पहिल्यात मेहनतीचा सौदा आहे. दुसऱ्यात कित्येक घरांची मुले फसली आहेत.

ही चाल आपल्याला नवी नाही

कॉम्प्युटर आला म्हणून ही पद्धत जन्माला आली, असे समजण्याचे कारण नाही. व्यापारी माणूस शेकडो वर्षे हेच करत आला. पेढी एका बंदरात, गुमास्ता दुसऱ्या बंदरात, आणि मध्ये चिठ्ठी-चपाटी. बँकॉकचेच उदाहरण घ्या. त्या देशाला सयाम म्हणत, त्या काळी तिथल्या लोकांच्या आवडीचे छापील कापड गुजरातेत तयार होई. पेथापूरचे कारीगर लाकडी ठसे कोरत आणि त्यांनी छापलेला माल जहाजाने सयामला जाई. या कापडाला नावच 'सौदागिरी' पडले. एकोणिसाव्या शतकात सुरतेच्या मसकती घराण्याची पेढी बँकॉकात होती. गिऱ्हाईक तिथे, ठसा इथे, आणि दोघांचा मेळ घालणारा माणूस परमुलखात बसलेला.

फरक एवढाच की तेव्हा पत्राचे उत्तर यायला महिने लागत, आता नमुना डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पोहोचतो. पण परमुलखात बसणाऱ्याला तेव्हा जे सांभाळावे लागे, तेच आजही सांभाळावे लागते. त्या राज्याचा कायदा, त्या गावचा खर्च, आणि मागे राहिलेल्या पेढीचा विश्वास.

कोणते काम उचलून नेता येते

आपल्या वाचकांत व्यापारी आहेत आणि कारीगरही आहेत. दोघांनी स्वतःला हा प्रश्न विचारावा : माझ्या कामाला हात लागतो की फक्त डोळा आणि डोके?

ज्या कामाला हात लागतो ते जागचे हलत नाही. माग, रंगाई, जरीचे काम, कटाई, शिलाई ही कामे जिथे यंत्र आणि माल आहे तिथेच होणार. मात्र याच धंद्यांना लागून असलेली काही कामे आता कॉम्प्युटरवर गेली आहेत. एम्ब्रॉयडरी मशीनसाठी डिझाइनचे पंचिंग, छपाईच्या नमुन्यांची आखणी, जॅकार्डचा ग्राफ, मालाच्या फोटोंची साफसफाई आणि कॅटलॉग, पेढीची हिशेबवही, परदेशी गिऱ्हाइकाशी पत्रव्यवहार. ही कामे करणारा माणूस भिवंडीत बसला काय किंवा बँकॉकात बसला काय, समोरच्याला फरक पडत नाही.

पण इथे एक अट आहे. हे काम आणि त्याची कमाई निघण्यापूर्वीच हातात असली पाहिजे. "तिथे गेल्यावर इंटरनेटवर काम शोधीन" असे म्हणणारा मुलगा माल न भरता जत्रेत दुकान मांडायला निघाला आहे. आमचा ठोकताळा असा की किमान एक वर्ष घरी बसून नियमित कमाई दाखवलेली असावी आणि गिऱ्हाइके एकाहून जास्त असावीत. दुसरे कारण पुढे सांगू.

परवाना : कोणत्या दाराने आत जायचे

जुलै २०२४ मध्ये थायलंड सरकारने अशा लोकांसाठी एक वेगळा व्हिसा सुरू केला. त्याचे नाव 'डेस्टिनेशन थायलंड व्हिसा', थोडक्यात डीटीव्ही. तो ५ वर्षांचा असतो आणि त्यावर कितीही वेळा आत-बाहेर करता येते. एका वेळी १८० दिवस राहण्याची मुभा मिळते. आणखी मुदत हवी असेल तर तिथल्या इमिग्रेशन खात्यात अर्ज करावा लागतो. अर्जदाराचे वय २० वर्षे पूर्ण असावे. दुसऱ्या देशातल्या मालकाचे किंवा गिऱ्हाइकांचे काम आपण करतो याचा कागदोपत्री पुरावा द्यावा लागतो. शिवाय ५ लाख बाट आपल्या नावावर असल्याचे दाखवावे लागते. बाट म्हणजे तिथले चलन. अलीकडच्या काळात एका बाटाला साधारण अडीच ते तीन रुपये असा भाव राहिला आहे. म्हणजे ही रक्कम साडेबारा ते पंधरा लाख रुपयांच्या घरात जाते.

ही रक्कम सरकारला भरायची नसते, आपल्याच खात्यात असल्याचे दाखवायचे असते. म्हणून काही दलाल सुचवतात की चार नातेवाइकांकडून आठवड्यासाठी उसने आणा, खात्यात टाका, उतारा काढा आणि परत करा. हा रस्ता बंधूंनी धरू नये. दूतावास मागच्या महिन्यांचे उतारेही मागू शकतो, आणि खोट्या कागदावर मिळवलेला व्हिसा पुढच्या प्रत्येक अर्जाला डाग लावतो. शिवाय ज्याच्याजवळ ही पुंजी खरोखरच नाही, त्याने परमुलखात आजारपण आले तर काय करायचे? ही अट आपल्याच भल्याची समजावी.

दुसरे दार पर्यटकाचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना ३० दिवस व्हिसाशिवाय येण्याची सवलत मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये ती ६० दिवस झाली. या मुदती ते सरकार वरचेवर बदलत असते, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाची ताजी माहिती पाहावीच. मे २०२५ पासून विमानात बसण्याआधी आगमनाचा फॉर्म इंटरनेटवर भरणेही सक्तीचे झाले आहे. पर्यटकाच्या सवलतीवर शहर पाहून यावे, खोल्यांचे भाव काढावेत, हे ठीक. पण दर वेळी सीमेबाहेर पाऊल टाकून पुन्हा आत यायचे आणि वर्षभर तिथेच मुक्काम ठोकायचा, हा खेळ फार दिवस चालत नाही. अधिकाऱ्याने एकदा परत पाठवले की पासपोर्टवर नोंद राहते.

त्या भागातले इतर देशही या मार्गाने चालले आहेत. मलेशियाने २०२२ मध्ये 'डीई रांताउ' नावाचा परवाना सुरू केला. त्यात कॉम्प्युटर-क्षेत्रातल्या माणसाला वर्षाला २४,००० डॉलरची कमाई दाखवावी लागते. इंडोनेशियाच्या अशाच परवान्याला वर्षाला ६०,००० डॉलर लागतात. आपल्या मध्यम कारीगराला दुसरी अट झेपणारी नाही. बँकॉककडे ओढा जास्त आहे तो यामुळेच. तिथे कमाईचा आकडा ठरवलेला नाही, पुंजीचा ठरवलेला आहे.

तिथे काय करता येणार नाही

या ठिकाणी आपल्या कारीगर बंधूंनी विशेष ध्यान द्यावे. डीटीव्ही व्हिसा थायलंडबाहेरच्या कामासाठी आहे. तिथल्या मालकाकडे एक दिवस जरी काम केले तरी वेगळा वर्क परमिट लागतो. २०१७ च्या कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीने विनापरवाना काम करणाऱ्या परदेशी माणसाला ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि देशाबाहेर रवानगी अशी शिक्षा ठेवली आहे.

त्यापुढची गोष्ट अशी की काही धंदे तिथल्या सरकारने आपल्या लोकांसाठी राखून ठेवले आहेत, ते परदेशी माणसाला करताच येत नाहीत. २०२० च्या यादीत हाताने कापड विणणे, हाताने रेशमी वस्तू बनवणे, सोन्या-चांदीचे दागिने घडवणे, रत्ने पैलू पाडणे, केस कापणे, फेरीवर माल विकणे, पर्यटकांचा गाइड होणे ही कामे आहेत. दलालीही आहे, फक्त आंतरराष्ट्रीय व्यापारातली दलाली सोडून. शिलाईच्या कामावर आणि दुकानात उभे राहून विक्री करण्यावरही निर्बंध आहेत. यादी पाहिली तर ती जणू आपल्या मोहल्ल्यांचेच धंदे समोर ठेवून केल्यासारखी वाटते. यात राग मानण्याचे कारण नाही. प्रत्येक मुलूख आपल्या कारीगराची भाकरी आधी राखतो. आपल्यालाही तसेच हवे असते.

फसगत होते ती छोट्या गोष्टीत. खोलीत बसून मुंबईच्या पेढीचे काम चालले आहे, ते कायदेशीर. शेजारच्या दुकानदाराने म्हटले, "भाई, संध्याकाळी दोन तास दुकानावर बसत जा, पाचशे बाट देतो," ते बेकायदा. ओळखीच्या टुरिस्टांना बाजार फिरवून आणला आणि पैसे घेतले, तेही बेकायदा. आपल्या पेढीसाठी बाजार पाहणे, भाव काढणे, व्यापाऱ्याबरोबर बैठक करणे ही वेगळी बाब आहे. पण तिथल्या भूमीवर तिथल्या गिऱ्हाइकाकडून एक बाटही मजुरी घ्यायची नाही, हा नियम घट्ट धरला तर पुष्कळ संकटे टळतात.

महिन्याचा जमाखर्च

आता मुद्द्याचा आकडा. एकट्या माणसाचा, साधेपणाने राहण्याचा ठोकळ अंदाज आम्ही असा करतो. शहराच्या मध्याबाहेर पण लोकल गाडीच्या जवळ एक खोली १२,००० बाट. वीज-पाणी २,०००. दोन वेळचे जेवण आणि चहापाणी ९,०००. प्रवास २,०००. फोन आणि इंटरनेट १,०००. औषधपाणी, विमा आणि किरकोळ ४,०००. एकूण ३०,००० बाट. याहून स्वस्तातही राहता येते आणि दुप्पट खर्चूनही रडणारे आहेत. विमानाचे तिकीट आणि व्हिसाचा खर्च यात धरलेला नाही.

अडीच रुपयांच्या भावाने हे ७५,००० रुपये झाले आणि तीन रुपयांच्या भावाने ९०,०००. खोली तीच, ताट तेच, फक्त चलनाचा भाव हलला आणि महिन्याला १५,००० रुपयांचा फरक पडला. कमाई रुपयात आणि खर्च बाटात असलेल्या माणसाने हे कधी विसरू नये. ज्याची कमाई डॉलरमध्ये आहे त्यालाही चढउतार आहेच, पण रुपयावाल्याइतका तो सहसा उघडा पडत नाही.

याचा सरळ अर्थ असा. ज्या मुलाची कमाई महिन्याला साठ हजार रुपये आहे त्याने जाऊ नये. तो तिथे उपाशी राहील आणि घरी पाठवायला काही उरणार नाही. ज्याची कमाई दीड लाखाच्या पुढे आहे आणि जो घरखर्चाचा वाटा आधी बाजूला काढतो, त्याने विचार करावा. दोघांच्या मधल्यांनी दोन-तीन महिनेच जाऊन यावे. आणि एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा : तिथे बसल्याने माझ्या कामात काय भर पडणार? नुसती हवा बदलायची असेल तर तो प्रवास आहे, धंदा नाही. तो धंद्याच्या वहीत लिहू नये.

भर पडू शकते, हेही सांगितले पाहिजे. नमुन्याचे काम करणाऱ्यासाठी बँकॉक म्हणजे उघडी शाळा आहे. प्रतुनाम आणि बोबेच्या बाजारात आज कोणता रंग, कोणता कट चालतो ते डोळ्यांनी दिसते. फाहुरातच्या पेठेत हिंदुस्थानी वंशाच्या कापडवाल्यांची जुनी दुकाने आहेत. चारोएन क्रुंग रस्त्यावर जुन्या मोठ्या पोस्ट ऑफिसच्या इमारतीत सरकारी डिझाइन केंद्र आहे. तिथे डिझाइनची पुस्तके आणि निरनिराळ्या मालांचे नमुने बघायला मिळतात आणि बसून कामही करता येते. राजवाड्याच्या आवारात २०१२ पासून राणी सिरिकित यांच्या नावाचे कापडाचे संग्रहालय आहे. डिझाइनवाल्याने या जागा पाहिल्या तर त्याचा खर्च काही अंशी वसूल होतो.

राहणे, खाणे, वेळ

खोली घेताना साधारण दोन महिन्यांचे भाडे अनामत आणि एक महिन्याचे आगाऊ मागतात. करारनामा लेखी घ्यावा आणि खोलीचे फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवावेत, म्हणजे निघताना अनामतीवरून वाद होत नाही. विजेचा दर विचारावा. पुष्कळ इमारतींत मालक सरकारी दरापेक्षा जास्त दराने युनिट लावतात, आणि त्या गावच्या उकाड्यात एसी बंद ठेवता येत नाही. परदेशी भाडेकरू आल्याची खबर मालकाने २४ तासांत इमिग्रेशन खात्याला द्यावी लागते. ती दिली की नाही हे आपण विचारून घ्यावे, कारण पुढे कागद आपल्यालाच मागतात. सलग ९० दिवस राहणाऱ्याला आपला पत्ताही कळवावा लागतो.

शहर मोठे आहे आणि रस्त्यावर वाहनांची कोंडी भारी. डोक्यावरून धावणारी रेल्वे १९९९ मध्ये सुरू झाली आणि भुयारी रेल्वे २००४ मध्ये. खोली यांच्या जवळ घ्यावी. सेन सेप कालव्यातून लोकांची ने-आण करणाऱ्या होड्याही चालतात. त्या स्वस्त आहेत आणि कोंडीतून सुटका करतात.

हलाल खाण्याची अडचण समजतात तेवढी नाही. थायलंडच्या केंद्रीय इस्लामी समितीचे हलालचे निशाण पाकिटांवर आणि खाणावळींवर असते. सुखुमवितच्या नाना भागात अरबांची आणि आपल्याकडची हॉटेले आहेत, पण ती महाग. रामखामहेंगकडे मुस्लिम वस्ती मोठी आहे, खाणे आणि खोली दोन्ही स्वस्त, आणि इस्लामिक सेंटरची मोठी मशीद तिथेच आहे. बांग राक भागात हारून मशीद जुनी आहे. मात्र रस्त्यावरच्या गाडीवर डुकराचे मांस आणि माशाचा रस सर्रास असतो, म्हणून विचारल्याशिवाय खाऊ नये.

वेळेचा हिशेब सोपा आहे. बँकॉकचे घड्याळ आपल्यापुढे दीड तास. इथे साडेदहाला पेढी उघडते तेव्हा तिथे बारा वाजलेले असतात. म्हणजे सकाळचे चार तास निवांत कामाचे मिळतात, आणि इथे आठला दुकान बंद होते तेव्हा तिथे साडेनऊ झालेले असतात. जुम्म्याची नमाज तिथे साडेबाराच्या आसपास असते. नेमकी तेव्हाच इथली पेढी उघडत असते, म्हणून शुक्रवारची वेळ पेढीला आधीच सांगून ठेवावी. अमेरिकेच्या गिऱ्हाइकाचे काम असेल तर मात्र रात्रीचा दिवस करावा लागतो.

हवामानाविषयी एक सूचना. डिसेंबर-जानेवारीपासून मार्चपर्यंत शहरात धुळीची आणि धुराची हवा असते. दम्याच्या माणसाने हे महिने टाळावेत. कायद्याविषयी दोन सूचना. तिथल्या राजघराण्याबद्दल वेडेवाकडे बोलणे वा लिहिणे हा मोठा गुन्हा आहे. कलम ११२ खाली एकेका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षांची सजा होते. थट्टेतही त्या वाटेला जाऊ नये. आणि परत येताना कोणाचेही पार्सल, कितीही ओळखीचा असला तरी, आणू नये. तिथे २०२२ मध्ये गांजावरची बंदी उठली होती, २०२५ मध्ये पुन्हा नियम कडक झाले. इकडे आपल्या देशात तो १९८५ च्या कायद्याने सरळ तुरुंगाचा माल आहे. दुसऱ्याच्या बॅगेपायी स्वतःचे आयुष्य कोर्टात घालवणे शहाणपणाचे नाही.

कर आणि पैशांची ने-आण

जानेवारी ते डिसेंबर या वर्षात थायलंडमध्ये १८० दिवस किंवा जास्त राहिलेला माणूस तिथल्या कायद्याने करदाता रहिवासी ठरतो. १ जानेवारी २०२४ पासून असा रहिवासी बाहेरची कमाई तिथे आणील तर ती करपात्र धरली जाते. शिवाय काम प्रत्यक्ष कुठे बसून केले हेही तो कायदा पाहतो, पैसे कोणत्या देशात मिळाले एवढेच पाहत नाही. इकडे आपला कायदा एप्रिल ते मार्च मोजतो. त्या वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला माणूस इथला रहिवासी, आणि त्याची जगभरची कमाई इथे हिशेबात येते. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण करार आपोआप लागू होत नाही. त्यासाठी कागद दाखवावे लागतात.

म्हणून पहिल्या वर्षी मुक्काम १८० दिवसांच्या बराच आत ठेवावा, असा आमचा सल्ला आहे. येण्या-जाण्याच्या तारखा वहीत लिहाव्यात, बोर्डिंग पास जपून ठेवावेत आणि निघण्यापूर्वी एकदा चार्टर्ड अकाउंटंटकडे बसावे. त्याची फी दंडापेक्षा नेहमीच कमी असते.

पैसे नेण्याचा रस्ता बँकेचाच असावा. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली रहिवासी माणसाला एका आर्थिक वर्षात २ लाख ५० हजार डॉलरपर्यंत रक्कम कायदेशीरपणे बाहेर पाठवता येते. आपल्या गरजेपेक्षा ही मर्यादा कितीतरी मोठी आहे. तरीही बाजारात "भाव चांगला देतो, इथे रुपये द्या, तिथे बाट घ्या" म्हणणारे भेटतात. हवाला म्हणजे १९९९ च्या परकीय चलन कायद्याचा भंग. त्यात अडकलेला पैसा परत मागायला कोणत्याच दारात जाता येत नाही. एटीएममधून काढतानाही ध्यानात ठेवावे की परदेशी कार्डावर तिथल्या बँका प्रत्येक वेळी २०० बाटांहून जास्त शुल्क कापतात. थोडे थोडे दहा वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढावे.

बान ख्रुआच्या मागांनी शिकवलेली गोष्ट

गिऱ्हाइके एकाहून जास्त असावीत, असे आम्ही वर म्हटले. त्याचे कारण बँकॉकातच सेन सेप कालव्याच्या काठी बघायला मिळते. तिथे बान ख्रुआ नावाची जुनी मुस्लिम वस्ती आहे. हे लोक मूळचे चाम जमातीचे, लढाईतल्या कामगिरीबद्दल पहिल्या रामा राजाच्या काळात त्यांना तिथे जागा मिळाली. रेशीम विणणे हा त्यांचा हुनर. दुसऱ्या महायुद्धानंतर जिम थॉम्पसन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४८ मध्ये रेशमाची कंपनी काढली. बान ख्रुआचे विणकर घरच्या घरी माग चालवत आणि त्यांचे कापड अमेरिका-युरोपात जाई. थॉम्पसनने आपले घरही कालव्याच्या पलीकडच्या काठावर बांधले. ते आज संग्रहालय आहे. विणकर आपल्या ओसरीत आणि गिऱ्हाईक सातासमुद्रापार. दुरून काम करण्याची हीच तर रीत.

१९६७ मध्ये थॉम्पसन मलेशियाच्या डोंगरात फिरायला गेला आणि बेपत्ता झाला. पुढे कंपनी वाढली आणि तिचे विणकाम ईशान्येकडच्या पाक थोंग चाई गावी गेले. बान ख्रुआच्या मागांचा आवाज कमी होत गेला. आज तिथे मोजकेच माग उरले आहेत. त्या कारीगरांच्या हातात कसर नव्हती. कसर एवढीच होती की बाजाराचा रस्ता एकाच दारातून जात होता. ते दार हलले आणि हुनर घरात बसून राहिला.

आज जो मुलगा एका कंपनीच्या कामावर बँकॉकात खोली घेतो, तोही त्याच जागी उभा आहे. तिकडून एक ईमेल आला की काम बंद, भाडे मात्र चालू. म्हणून दुसरे, तिसरे गिऱ्हाईक हवे, आणि परतीच्या तिकिटासह तीन महिन्यांचा खर्च वेगळा हवा. त्याला हात लावायचा नाही.

जाहिरातीतली नोकरी : इथे मात्र थांबा

शेवटी सर्वांत गंभीर गोष्ट. "बँकॉकला कॉम्प्युटरचे काम, पगार डॉलरमध्ये, राहणे-खाणे फुकट, व्हिसा आम्ही देऊ" अशा जाहिराती मोबाइलवर येतात. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर इशारा दिला की थायलंडमध्ये डिजिटल विक्रीच्या नोकरीचे आमिष दाखवून कॉम्प्युटर शिकलेल्या तरुणांना बेकायदा सीमा ओलांडून, बहुतेक करून म्यानमारमध्ये नेले जाते. तिथल्या म्यावड्डीसारख्या भागात त्यांना कोंडून लोकांना फोनवर आणि इंटरनेटवर ठकवण्याचे काम करायला लावतात. नकार दिला तर मारहाण होते. मार्च २०२५ मध्ये थायलंडच्या माए सोत गावातून हवाई दलाच्या दोन विमानांनी ५४९ भारतीयांना परत आणावे लागले. त्या मुलांच्या घरच्यांनीही कोणा ओळखीच्याच्या शब्दावर भरवसा ठेवला असेल.

यातून ओळखायची खूण साधी आहे. जो दुरून काम करायला जातो त्याचा मालक आधीपासून असतो, काम आधीपासून चालू असते, आणि तिकीट व व्हिसा तो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पैशांनी काढतो. त्याला विमानतळावर घ्यायला कोणी गाडी पाठवत नाही, त्याचा पासपोर्ट कोणी मागत नाही. जिथे नोकरीच तिथे मिळणार आहे, पगार न पाहिलेला मालक देणार आहे आणि पर्यटक म्हणून आत जा असे सांगितले जात आहे, तिथे सरळ नाही म्हणावे. परदेशात नोकरी देणारा एजंट सरकारी नोंदणीचा आहे की नाही, ते ई-मायग्रेट या सरकारी ठिकाणी तपासता येते. आणि विमानतळावरून गाडी माए सोतच्या दिशेने निघाली असे कळले तर मुलाने तिथल्या तिथे उतरून पोलिसांकडे किंवा भारतीय दूतावासाकडे जावे. दूतावासाचा फोन नंबर घरच्यांकडेही लिहिलेला असावा.

बापांनी मुलाला परवानगी देण्यापूर्वी पाच कागद मागावेत. वर्षभराच्या कमाईचा बँक उतारा, मालकाचे किंवा गिऱ्हाइकांचे लेखी पत्र, व्हिसा, खोलीचा करार आणि आजारपणाचा विमा. पाचही असतील तर दुवा देऊन पाठवावे. मुलगा काही तरी शिकून येईल. एकही कमी असेल तर तो कागद तयार होईपर्यंत मुलाला इथेच पेढीवर बसवावे. पेढीवर बसून कधी कोणाचे नुकसान झालेले नाही.